भात्याला घातलेला हार

३ ऑक्टोबर १९९७
आमचे साहेब, जयसिंगराव, आज पुन्हा म्हणाले, "बाई, जर्मन ड्रॉइंग विकत घेऊ आणि मोकळे होऊ." बाई! माझं नाव अहल्या, हुद्दा डिझाईन इंजिनिअर. बसखाली धक्के झेलायला लोखंडी पाट्यांच्या जागी हवेचा रबरी भाता बसवायचा, एवढंच काम, आणि त्यात माझी तीन वर्षं गेली. आतल्या नायलॉन दोऱ्यांचा कोन, वळ्यांचा घेर — सगळं माझं. पाहुणे आले की साहेब म्हणणार, "आमचा प्रयत्न चालू आहे." प्रयत्न म्हणे! त्यांना ट्रेनिंगच्या नावाखाली जर्मनी बघायचीय, दुसरं काही नाही.
दसऱ्यानंतर चाचणी. टिकला तर माझा भाता बसखाली लागणार. नाही तर जर्मन.

१० ऑक्टोबर
आयुधपूजा. लेथपासून साहेबांच्या स्कूटरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागलं, गेटवर कोहळा फुटला. चाचणीच्या यंत्रात माझा भाता बसवून तयार आहे. लॅबमधल्या बसवंतनं त्याला शेवंतीचा हा एवढा हार घातला. निपाणीचा माणूस, चार पोरींचा बाप, अजून टेंपररीच. म्हणाला, "अक्का, जर्मनचं जाऊ द्या, आपलं टिकतंय बघा." अख्ख्या कंपनीत माझ्या बाजूनं बोलणारा हा एकटा. जयसिंगरावांनी हाराकडे बघून नुसतं कन्नडमधलं "सरी, सरी" केलं, म्हणजे ठीक, ठीक.

१३ ऑक्टोबर
सुरू. दाब, सोड, दाब, सोड. जेवताना कानात तेच.

१५ ऑक्टोबर
फुटला.
बस कंपनीची माणसं समोर उभी असताना. जयसिंगराव म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" चेहरा सुतकी, आवाजात पेढे. त्यांनीच काहीतरी केलंय. माझा भाता असा फुटणारच नाही. पीण्याच्या कारखान्यापासून मल्लेश्वरमच्या घरापर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्यांना शिव्या घातल्या. बसखाली पाटेच होते, छान आदळत होते.

१७ ऑक्टोबर
फुटलेला भाता कापून बघितला. दोन वळ्यांच्या घडीत टाचणी. दर दाबाला आत आत गेलेली. डोक्याशी हाराचा दोरा.
बसवंतला सहज विचारल्यासारखं विचारलं, हार बांधला कसा होतास?
"सरकत होता अक्का, म्हणून टाचणी टोचली. काढताना सापडली नाही, पडली असंल कुठंतरी." आणि हसला. त्याच्या ध्यानीमनीही नाही.
ही टाचणी साहेबांच्या टेबलावर ठेवली की नवा भाता, नवी चाचणी. आणि बसवंत त्याच दिवशी गेटबाहेर.

१८ ऑक्टोबर
रिपोर्ट दिला. फुटण्याचं कारण: डिझाईनमधला दोष. खाली माझी सही. टाचणी माझ्या ड्रॉवरमध्ये.
कुणाचं भलं केलं की मन शांत होतं म्हणतात. साफ खोटं. नुसता संताप होतोय. जयसिंगरावांचा नाही इतका बसवंतचा राग येतोय, आणि त्याला तो दाखवताही येत नाही.

२ मार्च १९९८
जयसिंगराव जर्मनीहून परतले, चॉकलेटं वाटली. मी घेतलं नाही. बसवंत पर्मनंट झाला. त्याचा पेढा घ्यावा लागला.

३० सप्टेंबर १९९८
आयुधपूजा. यंत्रात जर्मन भाता, सोमवारपासून चाचणी. बसवंत हार घेऊन आला. "अक्का, ह्यालाबी घालू?"
घाल म्हटलं. टाचणी ड्रॉवरमधून मीच काढून दिली.