‘येतो’ म्हणून गेलेले गृहस्थ

ता. ८ मे

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन करू नकोस. डोंगरावरून तुझा फोन आला की आपण दोघी ‘ऐकू येतंय का’ एवढंच एकमेकींना विचारतो आणि दमून ठेवून देतो. त्यापेक्षा पत्र बरं. तुझी पत्रं समोरचा घड्याळवाला वाचून दाखवतो, हेही तोच लिहितोय. बारीक कामाची सवय, म्हणून अक्षर मुंगीएवढं काढतो म्हणे. तुझे डोळे बिघडले तर त्याला बोल लाव, मला नाही. आत्ता त्याने पेन थांबवलंय, हे लिहायचं नाही म्हणतो. मी सांगितलं, सांगेन ते लिहायचं, डोकं घड्याळात चालवायचं.

लॉजच्या मालकाने तुला गारठ्याच्या दिवसांतही कामाला वरच राहायला सांगितलंय, आणि महिनाअखेर त्याला उत्तर हवंय, हे कळलं. मी काय करू असं मला विचारतेस. अगं, मी जन्मात जिन्याहून उंच काही चढले नाही, मी काय सांगणार? तुझं तू ठरव. मला काही फरक पडत नाही.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण बोलायला घरात दुसरं कोणी नाही म्हणून त्याचंही ऐकून घेते. स्वयंपाक अजून दोघींचा होतो. हात सरावलेला, त्याला कोण समजावणार. उरलेलं घड्याळवाला खातो आणि वर मीठ कमी आहे म्हणतो. हे त्याने तोंड वाकडं करून लिहिलंय.

लोभ आहेच, तो वेगळा मागत नाही.

तुझी,
आजी

ता. १९ मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

घड्याळकाका, हळू वाचा आणि काही गाळू नका.

मंगळवारी इथे वादळ झालं. त्या दिवशी लॉजवर एकच पाहुणे होते, एक निवृत्त बसड्रायव्हर. फार बोलत नसत, खोलीचे पैसेही आल्याआल्याच देऊन टाकलेले. जेवण झाल्यावर त्यांनी बूट घातले, पिशवी खांद्याला लावली, येतो म्हणाले आणि निघाले. मला वाटलं, कड्यापर्यंत फिरून येतील. त्यांचा स्वेटर अजून दोरीवर वाळत होता.

मग भर दुपारी आभाळ काळवंडलं. दरीतून वारा असा वर आला की छपराचे पत्रे धडधडायला लागले. समोरच्या सुळक्यावर वीज पडली आणि फळीवरची भांडी खाली आली. त्यामागून गारा. अंगण पांढरं, बाकं पांढरी, वाट दिसेनाशी झाली. मी दारातून ओंजळ पुढे केली तर ती भरलीच. एक गार तोंडात टाकली, दात शिवशिवले. एवढ्या गदारोळात मी एकटी, आणि मला हसू आवरेना. आजी, ते पांढरं अंगण तुला कसं दाखवू?

तेवढ्यात आठवलं, ते गृहस्थ बाहेर आहेत. हसू कुठल्या कुठे गेलं. खिडकीत कंदील टांगला, दारावरची घंटा बडवत राहिले. गारा थांबल्यावर दोरी घेऊन पावसात कड्यापर्यंत गेले. घाबरून त्यांचं नावसुद्धा आठवेना. नुसती आजोबा, आजोबा करत फिरले. परत येऊन त्यांच्या खुर्चीसमोर बसले. वाऱ्याने दार वाजलं की उठायचे. फोन बंद पडलेला.

संध्याकाळी तो वाजला, आणि पलीकडे तेच. स्वेटर तिथे राहिला का, म्हणून विचारत होते. त्यांना वेळेवर बस मिळाली होती, आणि ते घरी आरामात बसले होते. मी ओरडलेच, येतो म्हणून गेलात ना. ते गोंधळले. म्हणाले, मग निघताना काय जातो म्हणू? मी दुपारभर घंटा वाजवत होते हे सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, इथे दार उघडायलासुद्धा कोणी नव्हतं, आणि तुम्ही तिथे घंटा वाजवत होता.

आजी, वाट पाहणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. तू ते रोज करतेस. मी मालकांना ‘नाही’ म्हणून कळवणार आहे. हंगाम संपला की घरी येईन, आणि आपण दोघी राहू. तू काळजी करू नकोस.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
भिंगरी

ता. २६ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

स्वेटर विसरणार ड्रायव्हर आणि नोकरी सोडणार तू?

‘येतो’चं म्हणशील तर मला विचारायचंस. या दारातून ते ऐकण्यातच माझा जन्म गेला. परत येणारा माणूस चपला घालता घालता म्हणतो, अर्धा शब्द जिन्यात सांडतो. जो येणार नसतो तो थांबतो, खोलीभर बघून घेतो, मग म्हणतो. तू निघालीस तेव्हा पिशवीचा पट्टा धरून उभी राहिलीस. भिंतींकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि दोनदा म्हणालीस. मला तेव्हाच कळलं होतं. पुढे वाट पाहिली ती माझी हौस. त्याचं ओझं तू कशाला घेतेस?

गारांचा भाग मी घड्याळवाल्याला पुन्हा वाचायला लावला. त्यात तुझा आवाज होता, जिना दणाणत उतरायचीस ना, तेव्हाचा. पण ‘घरी येईन, आपण दोघी राहू’ हे आलं तेव्हा मी त्याला दटावलं, म्हटलं हे मधेच तू घुसडलंस, ती असं बोलत नाही. त्या शहाण्याने कागद माझ्या नाकापुढे धरला, जसं काही मला वाचताच येतं.

तेव्हा मालकाला हो म्हण. आजच म्हण. कीव येऊन परतलेली नात दिवसभर माझ्याकडे बघून उसासे टाकणार, आणि मला ते सोसणार नाही. माझ्याकडे यायचं तर चार दिवस पाहुणी म्हणून ये, भांडून जा.

खिडकीखालची तुझी गादी काल माळ्यावर टाकून घेतली. सकाळी जाग आली तर खोली केवढी मोठी वाटली. होईल सवय. आणि विजा चमकत असताना दारात ओंजळ धरून उभी राहत जाऊ नकोस. हे रागावून सांगितलंय, तसंच वाच.

कागदावर अजून बरीच जागा उरली आहे, आणखी काय लिहू, असं घड्याळवाला विचारतोय. त्याला म्हटलं, राहू दे कोरी. तिला वाचता येतं.

तुझी,
आजी