तुझ्या नावाची चिठ्ठी

प्रिय ताई,

गेल्या खेपेला फोनवर तू विचारलंस, की जो प्राणी आधीपासून समुद्रात राहतोच आहे त्याला नवा कसं म्हणायचं, नवा कुणासाठी? तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. पण प्रश्न काही पाठ सोडेना. भांडी घासताना आठवतो, जिना चढताना आठवतो. याच विषयात शिकून, याच विषयात दिवसभर डोकं घालूनही मला त्याचं उत्तर देता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी माझं काम बघणाऱ्या मॅडमनाच विचारलं. त्यांनी विचारलं, हा प्रश्न कुणाचा? म्हटलं, माझ्या बहिणीचा, ती पार्लर चालवते. तर म्हणाल्या, तिला इकडे पाठव आणि तू तिकडे जा. मी म्हटलं, नको मॅडम, मी कात्री हातात घेतली तर गिऱ्हाईक पोलिसात जाईल.

मी दिवसभर काय बघते हे तुला कधी धड सांगितलंच नाही. तू सगळ्यांना 'समुद्रातले किडे' सांगतेस आणि मी नाक मुरडते. किडे नव्हेत ग, कोळंबीच्या दूरच्या मावसबहिणी म्हण हवं तर. तिळाहून जरा मोठ्या, अंग वाकवून बसलेल्या. बंदरात होड्या बांधायचे दोर असतात ना, त्यांच्या पाण्यातल्या भागावर यांची वस्तीच्या वस्ती असते. पायांतून निघणाऱ्या चिकट धाग्याने चिखलाचे कण जोडतात, नळीसारखं घर करतात आणि दारात बसून मिशा हलवत वाहत येईल ते पकडून खातात. एखादा शेजारी फार जवळ आला की बाहेर येऊन त्याच्यावर पंजा उगारतात. मला दर वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू आठवतात, त्यांच्या दारात कुणी चपला काढल्या की त्या निघायच्या तशा.

मी दोर खरवडून आणते, बशीत पाणी घेऊन एकेक निवडते. तू दिलेला भुवयांचा चिमटा याच कामाला वापरते, आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही चिमट्यापेक्षा तो चांगला धरतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली आडवं निजवून आधी नर की मादी ते बघायचं. मादीच्या छातीखाली पिशवी असते, तीत अंडी. नराचा पंजा मोठा, आणि पंजाच्या आतल्या कडेला अंगठ्यासारखं एक टोक. एकाच कुळातल्या या सगळ्या प्रजाती एकमेकींसारख्या दिसतात, त्या ओळखायच्या त्या नराच्या अंगठ्यावरून. लांब की आखूड, टोकदार की बोथट. पंजा काढायचा, काचेवर थेंबात ठेवायचा, बघून बघून त्याचं चित्र काढायचं. एका पंजावर सकाळची दुपार होते. बाबा विचारतात, ऑफिसात काय केलंस? मी म्हणते, अंगठा काढला. ते म्हणतात, दुसऱ्या हाताचा उद्या काढ, दमली असशील.

आपल्या बंदरातली प्रजाती जुनी, सगळ्यांना माहीत असलेली. तिच्या नराचा अंगठा आखूड. आणि मला मासळी उतरवतात त्या धक्क्याच्या दोरांवर सापडले ते लांब, अणकुचीदार अंगठ्याचे नर. कुठल्याही पुस्तकातल्या चित्राशी जुळेनात. तो दिवस तुला आठवत असेल. मी तुला कामाच्या वेळेत फोन केला आणि तू कुणाचं तरी डोकं बेसिनमध्ये तसंच सोडून माझं ऐकत राहिलीस. नव्या प्रजातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो. मी म्हटलं, तुझं देणार. तू म्हणालीस, माझंच मिळालं का, जरा बरं काही तरी शोध. पण त्यानंतर तुझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या एकाही बाईला ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका मिळाली नाही, हे मला आईकडून कळत होतं.

लेख लिहिला, मासिकाकडे गेला, तिथल्या परीक्षकांनी दोन-चार किरकोळ दुरुस्त्या सांगून होकार दिला. छापायचा तेवढा राहिला होता. त्याच आठवड्यात मॅडमनी माझी चित्रं उलटसुलट करून विचारलं, आणि यांच्या माद्या? मी म्हटलं, मिळाल्यात, पण जुन्या प्रजातीच्या मादीहून वेगळ्या दिसत नाहीत. मॅडम एवढंच म्हणाल्या, कशातच नाहीत? माझ्या मनात पाल चुकचुकली. जुन्याचा नर वेगळा, नव्याचा नर वेगळा, आणि माद्या मात्र केसाइतक्याही वेगळ्या नाहीत.

मग मी एक गोष्ट केली, जी कुणी मागितली नव्हती. जुन्या प्रजातीचीच, आखूड अंगठेवाल्यांच्या दोरावरची, पोटुशी मादी आणली. तिची पिल्लं पिशवीतून बाहेर पडल्यावर दोन बश्यांत वाटली. एका बशीला मासळीचं बारीक चूर्ण, हवं तेवढं. दुसरीला नुसतं शेवाळ, तेही हात राखून. बाकी पाणी एक, खिडकी एक, टेबल एक. ताई, त्यांची वाढ बघणं ही इतकी मजेची गोष्ट आहे की मी काय सिद्ध करायला बसले होते तेच मधे मधे विसरायची. दर थोड्या दिवसांनी ते अंगावरचं कवच टाकतात, आणि आतून तसाच पण जरा मोठा प्राणी निघतो. अंगठा मात्र नसतोच. शेवटची कात टाकली की एकदम येतो. त्यामुळे शेवटपर्यंत काही कळायला मार्ग नाही. रोज सकाळी मी आधी बश्यांपाशी, मग चहा.

भरल्या बशीतल्या नरांना आले ते लांब, अणकुचीदार अंगठे. हुबेहूब माझ्या नव्या प्रजातीचे. शेवाळावर वाढलेल्यांना आखूड. एकाच आईची पिल्लं. मासळीच्या धक्क्यावर पाण्यात काय काय पडतं, किती पडतं, ते मी रोज माझ्या खिडकीतून बघत होते आणि मला सुचलं नव्हतं. आणखी एक बघितलं, ते तुला आवडेल. लांब अंगठेवाले दारात उभे राहून मारामाऱ्या करतात. आखूडवाले भांडत नाहीत, कडेकडेने जातात, आणि त्यांचेही संसार होतात. म्हणजे अमके खरे आणि तमके खुरटलेले, असं काही नाही. दोन्हीही पुरते नरच.

तू गिऱ्हाइकांना सांगतेस ना, आमची धाकटी आमच्यातली नव्हेच, तिचं पाणीच वेगळं. कौतुकानं म्हणतेस, मला माहीत आहे. मी शेजारी बसलेली असले की मासिक चाळल्यासारखं करते. पण आपल्या घरात घडीचं टेबल एकच होतं, आणि ते माझ्या वाट्याला आलं. तू दहावीनंतर केस कापायला शिकलीस ते माझी वह्या-पुस्तकं त्या टेबलावरून उठवावी लागू नयेत म्हणून, हे आपण दोघींनी कधी एकमेकींना म्हटलेलं नाही. आताही फार म्हणत नाही. फक्त ते पाण्याचं तेवढं सांगायचं सोड. पाणी एकच होतं, मी बघितलंय.

आणि आता हे पत्र फोनऐवजी का लिहिलं, ते. फोनवर तू लगेच म्हणाली असतीस, असू दे ग, नावाचं काय एवढं, आणि मला पुढचं बोलता आलं नसतं. परवा मॅडमनी विचारलं, काय करायचं ठरवलंस? लेख छापून आला असता तर बरीच वर्षं कुणी बशीत पिल्लं वाढवून बघायला गेलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. लेखावर पुढची नेमणूकही अवलंबून होती, तेही. मी म्हटलं, उद्या सांगते. पण उद्यापर्यंत थांबले नाही, त्याच दुपारी मासिकाला कळवलं की लेख मागे घेते, हा प्राणी नवा नाही. मग नमुन्यांच्या खोलीत गेले. लांब अंगठेवाल्यांच्या स्पिरिटच्या बाटलीत तुझ्या नावाची चिठ्ठी होती, पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये टिकत नाही. जुन्या प्रजातीच्या नावाची दुसरी चिठ्ठी लिहिली आणि तुझ्याच चिमट्यानं आत सरकवली, तुझ्या चिठ्ठीच्या पुढे. तुझी काढली नाही. आमच्याकडे चुकलेली चिठ्ठी फेकत नाहीत. आधी कुणाला काय वाटलं होतं ते मागून येणाऱ्याला दिसायला हवं. झाकण घट्ट लावलं, आणि बाटली बाकीच्यांच्या रांगेत ठेवून आले.

तुझीच,
चष्मीस