नाशिकच्या मेटलला माझी गरज आहे

३ जानेवारी
या वर्षी अल्बम येणार म्हणजे येणारच. खरं हेवी म्युझिक काय असतं, हे नाशिकला कुणीतरी दाखवायलाच हवं. उद्यापासून सुरुवात. आज फार थंडी.

९ जानेवारी
पिंपळगावच्या हर्षाली नावाच्या मुलीचं नवं रॅप मेटल गाणं आलंय. विषय काय, तर कोल्ड स्टोअरेज. मेटलमध्ये युद्ध हवं, मृत्यू हवा. ही द्राक्षांच्या पेट्यांवर ओरडते. गिटार बरी आहे. चुकून झाली असावी. माझ्या पेजवर सणसणीत रिव्ह्यू टाकला. लाइक दोन. त्यातला एक टाइल्सच्या दुकानाचा. दर्दी लोक थोडेच असतात.

१६ जानेवारी
हर्षालीचा मेसेज. गंगापूर रोडला तिचा शो आहे, त्याआधी तुम्ही एक गाणं करा, म्हणे. घाबरली. वर मला 'दादा' लिहिलंय. मेटलमध्ये दादा! लगेच हो कळवलं.

१८ जानेवारी
गुरगुरण्याचा रियाज सुरू. खालच्या आक्काबाई वर आल्या. कुणाला उलट्या होतायत का, रिक्षा बोलावू का, असं विचारत होत्या. म्हणजे आवाज पोचतोय. बायको, संजना, म्हणाली की कुकरची शिट्टी होते तेव्हाच ओरडत जा. कलेला आता वरणभाताची वेळ पाळायची.

२४ जानेवारी
आमचा ड्रमर नवनाथ शोला येणार नाही. घोटीला हळदीत वाजवायचंय त्याला. शोभतं का हे? असो. मोबाइलवर ट्रॅक लावून एकटाच गाईन. बँड दुबळ्यांना लागतो. गाण्याचं दुसरं कडवं व्हायचंय, पण पहिलंच इतकं जड आहे की पब्लिकला तेवढं पुरे.

३० जानेवारी
शो उद्या. घसा पार खरखरीत झालाय. याच आवाजासाठी लोक वर्षानुवर्षं झटतात.

१ फेब्रुवारी
काल पहिल्या ओळीला तोंडातून नुसती हवा आली. साउंडवाल्याने माइक बदलला. पुन्हा हवाच. मग हर्षाली स्टेजवर आली. दादांचा घसा बसलाय, त्यांच्या वाटचं तुम्ही ओरडा, असं तिने पब्लिकला सांगितलं. ओरडले. माझ्यापेक्षा बरे ओरडले.
मी कडेला उभा राहिलो. तिने ते कोल्ड स्टोअरेजवालं गाणं घेतलं. तिची आई तिथे पेट्या भरायची. थंडीने बोटं बधिर व्हायची, घरी आल्यावर लेकीची वेणी घालता यायची नाही. रिव्ह्यू लिहिताना मी गाण्यात इथपर्यंत पोचलोच नव्हतो. पब्लिक उड्या मारत होतं आणि त्यात, पहिल्या रांगेत, आमची संजना. केस मोकळे सोडून. सगळे शब्द पाठ.
गाडीवर परत येताना कसंबसं कुजबुजत तिला विचारलं, माझं एखादं गाणं असं पाठ आहे का?
ती रागावली नाही. नीट विचार करून म्हणाली, "तुमचं एक तरी पूर्ण झालंय का?"
घरापर्यंत मी काही बोललो नाही. आवाज गेला होता, म्हणून.