विमानाचे नवे पाय

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाय आले. बेंगळुरूहून, लाकडी पेटीत, भुशात पुरलेले. गार, निळसर पोलादाचे दोन पट्टे — एक डावा, एक उजवा. ट्रकच्या पाट्यासारखे दिसतात, पण उचलायला हलके. सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. "नाकतोड्याला नवी तंगडी आली म्हणायची," एवढंच म्हणाल्या. विमानाला त्या कधी विमान म्हणत नाहीत.

भुजंगभावजींनी एक पट्टा उचलून बघितला. मग म्हणाले, "वैनी, दिवाळीपस्तोर बघा. कारखाना सुरू झाला की मला बारा ट्रॉल्या उभ्या करायला जागा लागती. तवर हे सरळ पळलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर मी गॅस कटर लावतो."

रागाने नाही म्हणाले. शेड दोघा भावांनी, यांनी आणि भावजींनी, मिळून बांधलेली. त्यात एक विमान पंख उतरवून, मोडक्या पायावर दोन वर्षं उभं आहे. भावजींच्या जागी मी असते तर एवढीही मुदत दिली नसती.

मी हो म्हणाले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आदिनाथ सर पिंगळीहून पॅसेंजरने आले. हवाई दलात वीस वर्षं विमानदुरुस्तीत होते, आता निवृत्त. आमच्या यांच्याशी बोलायला बसले की चहा दोनदा गरम करावा लागायचा. हे गेल्यावर सर यायचे थांबतील असं वाटलं होतं. थांबले नाहीत.

जुना डावा पाय काढला. शेवटचे बोल्ट आतल्या बाजूला, वाकून हात घालावा लागतो. सर म्हणाले, "ताई, पाना तुमीच धरा. माझं पोट मदी येतं." मी धरला. वाकलेला पाय हातात घेतल्यावर तो दिवस आठवलाच.

हे विमान यांनी सहा वर्षं बांधलं. दिवसा उसाच्या ट्रॉल्या बांधायच्या, उरलेल्या वेळात विमान — एका माणसाचं. उडवायची परवानगी यायची होती, म्हणून मागच्या शेतातल्या मुरमाच्या पट्टीवर नुसतं पळवून बघायचं ठरलं. बघायला सगळी गल्ली. निम्म्या पट्टीपर्यंत नीट गेलं आणि एकदम डावीकडे ओढून चरात उतरलं. यांना खरचटलंसुद्धा नाही. पण हे चरातून वर येईपर्यंत लोकांचा निकाल लागला होता — चन्नबसप्पाचा पाय चुकला, डावं पायडल दाबलं गेलं. यांचा डावा पाय लहानपणी विहिरीवर पडून दुखावलेला, थोडा ओढत चालायचे. त्यामुळे कुणाला फार विचार करावा लागला नाही. भावजी पुढे होऊन म्हणाले होते, "अण्णा, पाय चुकला तुझा."

हे काही बोलले नाहीत. नंतरही नाहीत. आठ महिन्यांनी छातीत कळ आली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज चांगला दिवस. दोन्ही नवे पाय बसले, चाकं चढली.

आता खरं काम. दोन्ही चाकांनी नाकाच्या रेषेत बघायला पाहिजे. एकाचं तोंड जराही बाजूला असलं तरी जोरात पळताना ते चाक सगळं धूड आपल्याकडे ओढतं, असं सांगून सर दुपारच्या गाडीने गेले. विमान चेनपुलीला टांगून जमिनीपासून वीतभर उचललं. नाकाखाली ओळंबा, शेपटीखाली ओळंबा. दोन्ही टोकं जिथे टेकली तिथून फरशीवर गुलालाची दोरी झटकली. लाल सरळ रेघ. मग प्रत्येक चाकाला लांब पट्टी बांधून, गुण्या लावून, पट्टीची दोन टोकं रेघेपासून सारख्याच अंतरावर आहेत का ते मोजायचं. मोजायला मी, लिहायला मी.

भावजी मदत करणार नाही म्हणत होते, पण पुली त्यांच्याशिवाय कुणाला धड ओढता येत नाही. एकदा हात लागल्यावर संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. "ट्रॉलीचा एक्सल असाच लावतो आमी. अण्णानंबी असंच लावलतं."

दोन्ही बाजू सारख्या आल्या. केसाचा फरक नाही. ग्रीस निघेना, तसेच हात धुऊन भाकरी खाल्ली. बरं वाटतंय.

२९ सप्टेंबर, सोमवार

खाली उतरवलं. फरशी सपाट आहे, पाण्याची नळी लावून तपासलेली. शेपटीला धरून भावजींनी आणि मी ढकललं — हळूच, दहा पावलं. लाल रेघेवरून निघालं आणि डावीकडे वळत जाऊन डिझेलच्या टाकीला टेकलं. परत आणून पुन्हा ढकललं. पुन्हा टाकी.

भावजी टाकीवरच बसले. "ह्याला वळणच डावं हाय, वैनी."

३० सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर एकच डोक्यात. काल आत कुणीच बसलेलं नव्हतं. कुणाचा पाय पायडलवर नव्हता.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळी सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. पाने, गुण्या, ओळंबा, यांचा वेल्डिंगचा चष्मा. भस्म लावलं, झेंडू वाहिला. आज हत्याराला हात लावायचा नाही. शेडमध्ये इतकी शांतता वर्षातून एकदाच असते.

हाताला काम नाही म्हणून विमानाच्या नकाशांची गुंडाळी काढली. हे नकाशा बघायचे, त्यातली चित्रं आणि आकडे. शेवटी बारीक इंग्रजी मजकुराची सहा पानं आहेत, ती यांनी कधी उघडली नसावीत. पानांची घडी नवी आहे. यांना इंग्रजी येत नव्हतं. मलाही नव्हतं. मी सातवीपर्यंत. हे गेल्यावर दुपारी काय करायचं कळेना, तेव्हा शब्दकोश घेऊन शिकायला लागले. आधी औषधांच्या चिठ्ठ्या, मग पंपाचं माहितीपत्रक, मग वाचनालयातली मुलांची पुस्तकं.

चौथ्या पानावर चाकांचं आहे. एकेक शब्द कोशात बघितला. दोन तास लागले. अर्थ असा — चाकांची रेषा तपासताना विमान जमिनीवर उभं असावं, आत चालवणारा बसलेला असावा, पूर्ण वजन चाकांवर असावं. चाकांखाली दोन-दोन पत्रे, मध्ये ग्रीस, म्हणजे पाय मोकळेपणाने फाकतील.

फाकतील!

ट्रॉलीचा एक्सल जाड गज असतो. रिकामा असो, सहा टन ऊस भरलेला असो, वाकत नाही. म्हणून ट्रॉली टांगून लावली तरी चालते. हे पाय म्हणजे स्प्रिंग आहेत. टांगल्यावर लोंबतात आणि माणूस बसला की फाकतात. फाकले की चाकांची तोंडं फिरतात.

यांनी ट्रॉलीसारखं लावलं. ज्याने आयुष्यभर ट्रॉल्या केल्या, तो दुसरं काय करणार. नीट, मन लावून, केसाचा फरक न ठेवता लावलं. आणि चुकलं. पाय चुकला नव्हता.

हे पान तेव्हा वाचता आलं असतं तर. नाही आलं. तेही खरं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. भावजींना सोनं दिलं, पण सांगितलं काही नाही. सणाच्या दिवशी नको.

४ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. पान समोर धरलं, वाचलं, मराठीत सांगितलं. भावजी म्हणाले, "परत वाचा." परत वाचलं.

मग त्यांनी स्वतः विमान अर्धा फूट वर ओढलं, पट्टी लावली, मोजलं. खाली सोडलं, परत मोजलं. तीनदा केलं. दर वेळी खाली टेकलं की डाव्या चाकाचं तोंड बाहेर. उजव्याचं थोडंसंच.

"म्हंजे अण्णानं काय केलंच न्हवतं," ते म्हणाले.

"चाक लावताना केलं. पळवताना नाही."

"लावताना तर पुलीवर मीच होतो." पट्टी हातातच होती. "आन् त्याच्या तोंडावर मीच म्हणलो, पाय चुकला तुझा."

खरं सांगायचं तर मला त्यांची समजूत घालायची नव्हती. लगेच नाही.

थोड्या वेळाने बघितलं तर भावजी मागे पोत्यांमध्ये वाळू भरायलेत. पंख उतरवून ठेवलेत ना — त्यांच्या वजनाची पोती दोन्हीकडे बांधावी लागणार. मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच विचार केला.

५ ऑक्टोबर, रविवार

सरांनी पान वाचलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "आमी मोठ्या विमानांवरचे, ताई. आमच्याकडं जॅक, आमच्याकडं माणसं. चन्नबसप्पांना मी विचारायला पायजे होतं, कसं लावलंत म्हणून. विचारलंच न्हाई."

या चुकीत सगळ्यांकडे आपापला वाटा आहे. माझ्याकडेही.

मग प्रश्न आला, आत कोण बसणार? सर ब्याण्णव किलोचे, सीटसमोरचा विमान चालवायचा दांडा पोटात रुतला. भावजी नुसतेच मान हलवत मागे सरकले. मी म्हणाले, मी बसते.

हे बांधत असताना कितीदा म्हणाले होते, जरा बसून बघ. मी म्हणायचे, पोळ्या राहिल्यात. नंतर बसू, नंतर बसू. आज पदर खोचून चढले. सीट यांच्या मापाची, पाठीमागे उशी घ्यावी लागली. समोर काच, काचेतून शेडचं दार, दारातून लिंबाचं झाड. यांना रोज हे दिसत असणार. रडू आलं, पण सर खालून ओरडले, "हलू नका ताई, माप फिरायलंय!" मग हसू आलं.

दोन तास बसून होते. चाकांखाली ग्रीस लावलेले पत्रे. विमान हलवून-हलवून पाय बसू दिले. डावं चाक चार मिलिमीटर बाहेर, उजवं एक. चाक आणि पाय यांच्यामध्ये घालायला सरांनी पातळ पाचर घासली — एका बाजूला कागदाएवढी, दुसऱ्या बाजूला नखाएवढी. घालायची, कसायचं, मोजायचं, काढायचं, अजून घासायचं. पाचव्या वेळी दोन्ही चाकं सरळ.

सर म्हणाले, "आता ज्या वजनाला लावलं त्याच वजनानं पळवायचं. म्हणजे तुमीच."

भावजी म्हणाले, "वैनी?"

मी म्हणाले, स्कूटी येते मला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सासूबाईंना भावजींनीच सांगितलं, त्यांच्या खाटेजवळ बसून. पुली, वजन, पाय फाकणं, सगळं. त्यांना किती कळलं माहीत नाही. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्या लेकराचा पाय नीट होता."

"हां, आई."

"मंग लोकांला सांग की. मला काय सांगायलास?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

पट्टीवरचा मुरूम वाळला. चालण्याच्या वेगाने चार फेऱ्या. उजवा पाय दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे — सोपं वाटतं, पण पाय उशिरा ऐकतात. इंजिनाचा आवाज पोटात जातो. संध्याकाळी चपाती लाटताना पाय आपोआप हलायले होते. सासूबाई बघत होत्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

तीन फेऱ्या ठरल्या होत्या. वेगाच्या काट्यावर चाळीसपर्यंत. सरांचा एकच नियम, "वढलं की इंजिन बंद. दुसरं काय करायचं न्हाई." पंखच नाहीत, त्यामुळे उडायची भीती नाही, असंही म्हणाले. गल्ली पुन्हा जमली. भावजींनीच बोलावली.

पहिली फेरी सरळ. दुसरी सरळ. पण दुसरी संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, बाईनं चांगलं सांभाळलं की! सांभाळलं. म्हणजे माझ्या पायाने. म्हणजे गोष्ट तिथेच राहिली.

तिसऱ्या फेरीत तो चर जवळ आला तेव्हा काटा चाळीसवर होता. मी दोन्ही पाय पायडलवरून उचलले आणि गुडघे वर घेतले. काचेतून सगळ्यांना दिसतील एवढे. विमान गेलं तसंच गेलं. चर डावीकडून मागे पडला. मग पाय खाली ठेवले आणि वेग कमी केला.

सर खूप बोलले. ऐकून घेतलं. बोलणारच.

भावजी चराजवळ उभे होते, तिथेच उभे राहिले. मी चालत गेले. ते लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "बघितलं का? पाय न्हवते. कुणाचेच न्हवते." मग माझ्याकडे न बघता, "ट्रॉल्या भाईर उभ्या करतो, वैनी. वर ताडपत्री टाकू."

चहाच्या वेळी सर सांगत होते, आता कागद पुढे पाठवायचे, तपासणी होईल, पंख लागतील, मग लायसन असलेला कुणीतरी बघायचा उडवायला.

मी विचारलं, "लायसनला किती शिकलेलं लागतं?"

"दहावी पास. डॉक्टरची तपासणी. मंग शिकायचं." ते दोरी गुंडाळत होते, वर बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हायस्कूलच्या ऑफिसात जाऊन आले. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. क्लार्क म्हणाला, "मावशी, मुलीचा फॉर्म असंल तर तिची सही लागंल."

मी सही केली.