शोकेसकडचं पॉकेट

रविवार, २ मार्च २००३. सकाळी ११
आजपासून नोंदी. कला हातात असते, पण पुरावा कागदावर लागतो.
वालीवच्या कंपनीत एकवीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. मी व्हर्निअर हातात घेतला की मशीनवाल्यांची तोंडं उतरतात. तोच काटेकोरपणा आता पूल टेबलावर आणायचा आहे.
टेबल जानेवारीत आलं. कंपनीने ऑफिसर्स क्लब बंद केला, टेबल भंगारात निघालं होतं, मी मागून घेतलं. चंदनसारला घरी दुसऱ्या मजल्यावर चढवताना पाय मोडला. टेबलाचा. तीन पाय शाबूत आहेत, चौथा कोपरा पाण्याच्या निळ्या ड्रमवर टेकवला आहे. प्लॅस्टिकचा, शंभर लिटर. वरच्या अंगाला भोक पाडून नळी आत सोडली, खाली तोटी बसवली. म्हणजे बायकोच्या, यमुनेच्या पाण्याचीही सोय झाली. हे डोकं बाहेरच्या माणसाला सुचलं नसतं.
हॉल दहा फूट रुंद, लांबी तेरा फूट साडेआठ इंच. बिल्डरच्या नकाशात चौदा आहे, त्याला तसं लेखी कळवलं आहे. टेबल सात बाय साडेतीन, आडवं लावलं आहे. बॉल मारायचा क्यू भिंतीला लागत होता म्हणून चौदा इंच कापला. किचनमधून दाराकडे जायला टेबलाखालून जावं लागतं. सवयीने जमतं.
संकल्प : अकरा ट्रिक शॉट. रोज संध्याकाळी सात वाजता प्रत्येकी एक संधी. गुरू कोणी नाही. क्रीडावाहिनीवर पाहिलं आणि स्वतः शिकलो.

सोमवार, ३ मार्च. रात्री ८
अकरापैकी नऊ. शॉट क्र. ४ (अगरबत्तीच्या पुड्यावरून उडी) आणि क्र. ७ (एका फटक्यात सहा बॉल) पहिल्याच प्रयत्नात. विशेष म्हणजे माझे सगळे शॉट शेवटी एकाच पॉकेटात पडतात, शोकेसकडच्या. दुसऱ्या कोणाला हे जमणार नाही.
सकाळी टँकरचं पाणी सुटलं होतं. सोमवार-गुरुवार, अर्धा तास. यमुनेने ड्रम भरला.

बुधवार, ५ मार्च
दोन. कारणं : मिक्सर, शेजारचा कुकर, आणि क्षितिजाचा चेहरा. क्षितिजा म्हणजे माझी मुलगी, टी.वाय.बी.कॉम.ला आहे. टेबलाखालून निघताना माझ्याकडे असं बघते की एकाग्रता जाते. बॉल सगळे खिडकीकडे जात होते. तिला तसं बघू नकोस म्हणून सांगितलं. म्हणाली, मी चप्पल शोधत होते.

गुरुवार, ६ मार्च
दहा. बोलायची सोय नाही.

शनिवार, ८ मार्च
एक.
शॉट क्र. ९ शोकेसच्या बाजूने मारायचा असतो. तिथे नऊ इंच जागा आहे. आत गेलो, बाहेर येता येईना. पोट अडकलं असं यमुना म्हणते. वास्तविक शोकेसची कड अर्धा इंच पुढे आहे. पंचवीस मिनिटं उभा होतो. त्यात खालच्या कृष्णाबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी बघितलं आणि यमुनेला विचारलं, भाऊजींना शिक्षा केली काय गं. यमुना म्हणाली, नाही, ते आपणहून गेलेत. शेवटी शोकेसमधल्या काचेच्या वस्तू काढून शोकेस सरकवलं. वस्तू मोजून घेतल्या. सगळ्या आहेत.

मंगळवार, ११ मार्च
काल दहा, आज पाच. आलेख काढला. निष्कर्ष स्पष्ट : माझी शक्ती आठवड्याच्या पहिल्या आणि चौथ्या दिवशी शिखरावर असते, नंतर उतरत जाते. मोठ्या खेळाडूंचं असंच असणार. याला बायोरिदम म्हणतात.
क्षितिजाने आलेख पाहिला. म्हणाली, बाबा, हे पाण्याचे दिवस आहेत. ड्रम भरला की तो कोपरा ताठ उभा राहतो आणि बॉल समोर शोकेसकडे घरंगळतात. ड्रम रिकामा झाला की दबतो. मी म्हटलं, कॉमर्सच्या माणसाने फिजिक्समध्ये पडू नये. ती म्हणाली, बरं. आणि टेबलाखाली गेली.

गुरुवार, १३ मार्च
अकरापैकी अकरा. आणि साक्षीदारासमोर.
माणिकपूरला फर्डिनंड म्हणून एक तरुण आहे, त्याचं चार टेबलांचं पूल पार्लर आहे. आमचं टेबल विकायचं आहे का बघायला आला होता. मी त्याला बसवलं. म्हणजे दारात उभं केलं. सगळे शॉट दाखवले. क्र. ७ ला त्याने डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, काय सांगता अंकल, सहाच्या सहा त्या एका खिशात, ते पण एवढुशा काठीने. मी म्हटलं, काठी नाही, क्यू. तो म्हणाला, आमची पोरं नुसती ठोकाठोकी करतात, तुमच्यासारखा शिकवणारा पाहिजे. एकदा पार्लरला येऊन दाखवा, मग कोचचं बघू.
कोच. शब्द त्याने स्वतः वापरला.
यमुनेने चहा टेबलाखालून पुढे दिला. थेंबही बशीत सांडला नाही. तिलाही प्रसंगाचं महत्त्व कळलं असावं.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी, कंपनीत
व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. योजना जानेवारीपासून नोटीस बोर्डावर आहे. मी आजवर तिच्याकडे बघितलंही नव्हतं, फक्त तिच्यातल्या चुका लिहून दिल्या होत्या. पर्सोनेलच्या काशीरामने अर्ज घेतला, दोनदा वाचला, विचारलं, घाडीगावकर, नक्की ना. ३१ तारखेला पाचपर्यंत मागे घेता येतो, तोवर मंजुरीची सही झाली नसेल तर. मी म्हटलं, माझं मोजमाप चुकत नाही.
यमुनेला एवढ्यात सांगायचं नाही. नेमणूक हातात आली की एकदम सांगू. माणसाला आनंद असा ठोक मिळावा.

सोमवार, १७ मार्च
दहा.
रोज सकाळी डबा घेऊन निघताना यमुना म्हणते, लवकर या. तेवढ्यावरच छातीत कसंतरी होतं. बायोरिदमशी संबंध नाही, सोमवार असून होतं.
क्षितिजाला पुढे सी.ए.चे क्लास लावायचे आहेत. यमुना म्हणाली, तुमची नोकरी आहे तोवर होऊन जाऊ दे. मी हो म्हणालो आणि क्यूचा खडू शोधायला खाली वाकलो. बराच वेळ खालीच होतो.

गुरुवार, २० मार्च
अकरा. पण फर्डिनंडचा फोन आला. प्रात्यक्षिक रविवारी, ३० तारखेला, चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर. मी सोमवार किंवा गुरुवार सुचवला. तो म्हणाला, अंकल, सोमवारी कोण येणार, पोरं कामाला जातात.
रविवार माझ्या आलेखात सगळ्यात खाली आहे. २ तारखेपासून एकाही रविवारी तीनच्या वर गेलेलो नाही.

रविवार, २३ मार्च
दोन. सबंध बिल्डिंग वर्ल्ड कपची फायनल बघत होती. आमचा टीव्ही शोकेसमध्ये, सरावाच्या वेळी बंद, त्यामुळे दोघी कृष्णाबाईंकडे गेल्या. इंडिया हरली. मी एकटाच सराव करत होतो. या देशात शिस्त कुठे आहे ते बघा.

बुधवार, २६ मार्च. पहाटे ५
झोप नाही. अर्ज मागे घ्यावा का. घेतला तर काशीराम सगळ्या शॉपमध्ये सांगेल. नाही घेतला आणि रविवारी शॉट चुकले तर. यमुनेला सांगावं, तर ती विचारेल, मला न विचारता दिलात. दहा बाय तेरा साडेआठच्या हॉलमध्ये माणूस किती फिरणार. भिंत, टेबल, भिंत.
उपाय सापडला. रविवारपर्यंत शक्ती साठवायची.

गुरुवार, २७ मार्च
ड्रम सकाळी काठोकाठ भरला. रविवारपर्यंत त्याच्या तोटीला कोणी हात लावायचा नाही असं जाहीर केलं. क्षितिजा म्हणाली, म्हणजे तुम्हाला पटलं तर. मी सांगितलं, अजिबात नाही. हा शास्त्रीय प्रयोग आहे, तुझं म्हणणं खोटं ठरवण्यासाठी.
अकरा.

शुक्रवार, २८ मार्च
अकरा. शुक्रवार असून. बघा.
आंघोळ अर्ध्या बादलीत.

शनिवार, २९ मार्च
अकरा. शनिवार असून. क्षितिजाला सांगितलं, दिवसाचा काही संबंध नव्हता, निर्धाराचा होता. ती म्हणाली, बाबा, मी पाणी म्हटलं होतं. यमुना कृष्णाबाईंकडून कळशी भरून आणत होती. कृष्णाबाई जिन्यातून मोठ्याने म्हणाल्या, भाऊजींचा ड्रम उपासाला आहे का.
यमुनेने कळशी खाली ठेवली आणि मला एकच विचारलं, उद्या नक्की काय आहे. मी म्हटलं, लोकांना खेळ दाखवायचा आहे. ती म्हणाली, नुसत्या खेळासाठी तुम्ही तीन रात्री जागत नाही. मी क्यू पुसत राहिलो.

रविवार, ३० मार्च. दुपारी ३
तपशील लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.
साडेदहाला पार्लरला पोचलो. चर्चमधून आलेली वीस-बावीस पोरं इस्त्रीच्या शर्टांत उभी होती. दोन म्हातारेही होते. फर्डिनंडने ओळख करून दिली, हे घाडी अंकल, यांचा बॉल यांचं ऐकतो.
टेबल नवं, चारही पाय एकसारखे.
शॉट क्र. १ : बॉल सरळ गेला.
शॉट क्र. २ : सरळ.
क्र. ३ : सरळ गेला आणि सरळ परत आला.
क्र. ४ : पुड्यावरून उडाला, पलीकडे पडला आणि तिथेच थांबला. एक म्हातारा म्हणाला, दमला बिचारा.
क्र. ७ ला सहा बॉल विखुरले, सहा दिशांना गेले, कुठल्याच पॉकेटात नाहीत. पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं. एकाने हळूच विचारलं, अंकल, मोठा क्यू देऊ का. दिला. माझ्या हाताला चौदा इंच मागे धरायची सवय नाही, त्यामुळे क्र. ८ ला बॉलच लागला नाही.
मी फर्डिनंडला सांगितलं, तुझं टेबल तपासून घे. त्याने लेव्हल आणली आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मी चार कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. उलटी करूनही पाहिली. एकवीस वर्षं हेच काम केलं आहे, बुडबुडा कुठे आहे ते मला दिसतं.
नऊ, दहा, अकरा मारले नाहीत.
फर्डिनंड खाली रिक्षापर्यंत आला. म्हणाला, अंकल, मनाला लावून घेऊ नका, घरी तुम्ही एक नंबर मारता. मी विचारलं, कोचचं. तो म्हणाला, ते मी असंच बोललो होतो ना.

सोमवार, ३१ मार्च. संध्याकाळी ६
साडेचारला पर्सोनेलला गेलो. मुदतीच्या अर्धा तास आधी. अर्ज मागे घेण्याचं पत्र टाईप करून नेलं होतं. कारण : 'इन्स्पेक्शन खात्याची गैरसोय होऊ नये म्हणून'.
काशीरामने पत्र वाचलं. मग त्याने कपाटातून फाईल काढली आणि माझ्याकडे बघेना. म्हणाला, बसा. बसलो. म्हणाला, तुमचा अर्ज मंजूर होऊन आला.
मी म्हटलं, आज पाचपर्यंत मुदत आहे. तो म्हणाला, सही होईपर्यंत, असं मी म्हटलं होतं. विचारलं, कधी झाली. त्याने तारीख दाखवली. १४ मार्च. मी दिला त्याच दिवशी. म्हणाला, बाकीचे अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर पडून आहेत, तुमचा तेवढा साहेब स्वतः उठून खाली घेऊन आले. प्रॉडक्शनवाल्यांनी त्या संध्याकाळी वडे मागवले होते. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल असं वाटलं.
मी फाईल हातात घेतली. तारीख, सही, शिक्का, सगळं जागेवर होतं. चूक सापडली नाही.

त्याच दिवशी. रात्री ९
यमुनेला सांगितलं. आधी बायोरिदमपासून सुरुवात केली, पण तिने मधेच विचारलं, नोकरी आहे का नाही. म्हटलं, नाही. क्षितिजा आतून आली, दारातच उभी राहिली, परत आत गेली.
यमुनेने माझ्या पिशवीतून रिकामा डबा बाहेर काढला. मग म्हणाली, चौदा तारखेपासून रोज मी डबा भरत होते, तेव्हा एकदा तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, आनंद ठोक द्यायचा होता. ती किचनमध्ये गेली. मला वाटलं, आता येणार नाही.
आली. ताट आणलं आणि सरळ टेबलावर ठेवलं, हिरव्या कापडावर, खाली साधा पेपरही न घालता. म्हणाली, जेवा, गार होईल.
जेवलो. वरणात मीठ नव्हतं. बोललो नाही.