उजव्या कानाचा पडदा

७ जून २०२५
नापास! पेपरात नाही — कानात. पायलटच्या लायसन्ससाठीच्या मोठ्या मेडिकलमध्ये उजव्या कानाच्या पडद्याला भोक सापडलं. "जुनं आहे. लहानपणी काही लागलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. मला कुठं आठवतं! शेरा — तात्पुरती अपात्र.

लेखी पेपर सगळे निघालेत. दोनशे तासांतले एकशे बारा उडून झालेत. निलम मॅडमनी, माझ्या इन्स्ट्रक्टरनी, उद्याच्या उड्डाणांच्या यादीतून माझं नाव काढलं. "कान बरा होईपर्यंत नाही, अंजली."

९ जून
घरी आले. सेनगाव स्टँडवर बाबा उभे. बॅग घेतली, एवढंच म्हणाले — "ऑपरेशन करू."

२३ जून, नांदेड
ऑपरेशन झालं. नाक शिंकरायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. तीन महिने.

बाबा खाटेजवळ खाली बसून आहेत. मेंढरं प्रभूकाकाकडं सोडून आलेत. आयुष्यात कधी कळप दुसऱ्याच्या हवाली केला नाही या माणसानं. मी म्हटलं, घरी जा. ऐकत नाहीत.

४ जुलै
शिंक आली. तोंड उघडून शिंकले आणि रडले. पडदा फाटला असंल तर?

२७ जुलै
ओमप्रकाशचा फोन. माझ्याच बॅचचा. त्याचे दीडशे तास झाले. "तू कधी येतीस?" — मी काय सांगू! नांदेडला पंख्याची लहान विमानं उतरतात, तीच दोघांना उडवायची होती.

दुपारी ओट्यावर बसून इंजिन सुरू करायच्या पायऱ्या पाठ म्हटल्या. इंधन, मिश्रण, ब्रेक... आई म्हणाली, "जप करून राहिली काय वं?"

१४ ऑगस्ट
शेजारचा ग्यानोबा आजा दारातून जाता जाता बोलला — "इमान उडवणाऱ्या पोरीला आता रानात निंदायला बी येईना व्हय!" मला वाकायला मनाई आहे. समजावत बसले नाही. बाबा मात्र त्याच्यावर असे ओरडले, की मीच दचकले. एवढं काहून चिडावं?

२४ सप्टेंबर
नांदेड. पडदा धरला नाही. भोक तसंच.

दुसरं ऑपरेशन सहा महिन्यांनी करता येईल, खात्री नाही. आणि माझी शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच. निलम मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "मी मुदतवाढीचा अर्ज करून बघते. पण तू आस लावून बसू नकोस."



२६ सप्टेंबर
बाबा जेवले नाहीत. आजही. आई विचारते, तर उठून मेंढरांकडं जातात. नापास मी झाले — आणि समजूत त्यांची घालायची!

२८ सप्टेंबर
सकाळी बाबा उजव्या बाजूला येऊन बसले. म्हणाले, "तू सहा वर्साची व्हतीस. तुझ्या हातून सुटून कोकरू हिरीत पडलं. मी हाणलं तुला. ह्याच कानावर. रगत आलतं."

मी काहीच बोलू शकले नाही. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. उठले, डाव्या बाजूला आले, आणि सगळं पुन्हा सांगितलं.