अर्धी प्रदक्षिणा

प्रिय वल्लरी,

तू म्हणशील, आत्ता तर फोनवर बोललो, मग पत्र कशाला? वर्तकनगरहून डोंबिवली काही लांब नाही. पण हे बोलायला घेतलं की तू मध्येच 'काही नाही हो बाबा, दगदग झाली असेल' म्हणशील आणि मी गप्प बसेन. बोलायचं खातं आपल्या घरात तुझ्या आईकडे होतं. म्हणून लिहितो आहे. सगळं वाच, आणि वाचल्या वाचल्या फोन करू नकोस.

शौनककडून परत आल्यावर तू प्रवासाचं विचारलंस, तेव्हा थंडी फार होती आणि भाजीत मीठ नसायचं, एवढंच मी सांगितलं. तटबंदीच्या त्या गावाचे फोटो तू पाहिलेस. तिथे जे झालं ते शौनकने तुला सांगितलेलं नाही, कारण मीच त्याला शपथ घातली होती. मला भीती वाटत होती, वल्लरी. अजून वाटते. आईच्या आजारपणात वाटायची तशी नाही. त्या वेळी निदान आपण तिघं एकाच गोष्टीला घाबरत होतो.

गावाचं नाव नॉर्डलिंगन. शेकडो वर्षांपूर्वीचा तट अजून सलग उभा आहे आणि गाव त्याच्या आत ताटासारखं गोल आहे. आपल्या दुर्गाडीला उरलेला बुरूज बघून बाकीचा किल्ला मनाने उभा करावा लागतो. इथे मनाला काही कामच नव्हतं. तटावर छप्पर घातलेली वाट आहे, तिच्यावरून सगळ्या गावाला पायी फेरी मारता येते. शौनकचा पाय मुरगळला होता, त्यामुळे तो जिने चढणार नव्हता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही वरून या, मी पुढच्या वेशीपाशी थांबतो. रस्ता चुकायचा प्रश्नच नाही, एकच वाट आहे." हे तो हसत म्हणाला. मीही हसलो.

चढून गेल्यावर गावाकडे तोंड करून मी आपोआप डावीकडे वळलो, म्हणजे गाव उजव्या हाताला राहील असा. देवळात वळतो तसा. वाटेवर कोणी नव्हतं. एका बाजूला लाल कौलं, दुसऱ्या बाजूला भिंतीत बंदूक रोखायच्या अरुंद फटी. फटीतून उजेडाची पट्टी पायाशी पडायची, मग अंधार, मग पुन्हा पट्टी. वाट सतत थोडी थोडी वळत असल्याने पुढचं दिसत नव्हतं आणि मागचंही नाही. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की मी चालतच नाही, भिंतच सरकते आहे. मी पावलं भराभर टाकायला लागलो. आई बरोबर असती तर म्हणाली असती, "अहो, सावकाश. देव पळून जात नाही."

मग एका ठिकाणी तटाखालून पाणी बाहेर पडताना दिसलं. गावातला ओढा तिथून बाहेर जातो. मी थांबलो आणि मागे फिरलो. त्या क्षणी मला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. कौपिनेश्वराला इतकी वर्षं दर सोमवारी आपण हेच करत आलो. शंकराच्या देवळात पाण्याची पन्हळ ओलांडायची नाही, तिथून उलट यायचं. पुढच्या वेशीत शौनक उभा आहे, हे डोक्यातून पुसलंच गेलं होतं.

मी चढलो होतो त्याच जिन्याने खाली आलो, पायरीवर बसलो, बूट काढले आणि आईची वाट बघू लागलो. तुला माहीतच आहे, ती आत रेंगाळायची आणि मी बाहेर दोघांच्या चपला सांभाळायचो. "नीट लक्ष ठेवा हं, नाहीतर अनवाणी न्याल मला तलावपाळीवरून," हे ती दर सोमवारी म्हणायची. मी शेजारी पाहिलं तर माझे बूट होते, तिच्या चपला नव्हत्या. वल्लरी, मी त्या शोधायला लागलो. पायरीखाली, भिंतीच्या कडेला, कचऱ्याच्या डब्यामागे. एका बाईंना मराठीत विचारलं. त्या घाबरून बाजूला झाल्या. मोज्यांतून गारठा वर चढत होता आणि माझ्या मनात एकच होतं, आता सरोजला काय सांगू?

शौनक लंगडत, धापा टाकत आला. फोन करून थकला होता बिचारा. ओरडलाच माझ्यावर. "कुठे होतात तुम्ही? मी अख्खं गाव पालथं घातलं!" मी म्हटलं, "अरे, ओरडू नकोस, आईच्या चपला सापडत नाहीत." तो माझ्यासमोर बसला, माझे पाय धरले आणि म्हणाला, "बाबा, आई गेली ना."

त्याने काही चूक केली नाही. दुसरं काय म्हणणार होता? पण मला ते कळलं ते पहिल्यांदा कळल्यासारखं कळलं. हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला सांगितलंस, त्या दिवसासारखं. त्याहूनही वाईट, कारण तेव्हा मनाची थोडी तयारी तरी होती. इथे तर ती आत्ता येणार होती.

जेट लॅग असेल, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पण गेल्या सोमवारी कौपिनेश्वराच्या बाहेर तसंच झालं. हार विकणाऱ्या शेवंतीबाई तुला आठवतात, आईला बेलाची पानं निवडून द्यायच्या त्या. ऊन चढलं तरी मी बसलेला पाहून त्या आल्या. मी म्हटलं, आज फारच वेळ लावला हिने. त्या म्हणाल्या, "काका, असं काय करता? काकी गेली, तुम्हीच नाही का सांगितलं मला?" भर रस्त्यात मी रडलो. त्यांनी रिक्षात बसवून दिलं. म्हणजे एकाच बाईसाठी मी तीनदा सुतकात बसलो, आणि पुढे किती वेळा बसायचं आहे ते मला माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू बरोबर ये. ते काय सांगतील ते सांगोत, विसरायची मला तितकी भीती नाही. भीती आहे ती पुन्हा पुन्हा कळण्याची. तू लहानपणापासून खोटं बोलत नाहीस, फुलदाणी फोडलीस तरी स्वतः येऊन सांगायचीस. म्हणून हे तुझ्याकडूनच वचन हवं आहे आणि डोकं ठिकाणावर असताना मागतो आहे. आई कुठे आहे, असं मी विचारेन, तेव्हा मला खरं सांगू नकोस. मी चिडेन, तुला खोटारडी म्हणेन, तरी नको. सांग, आई आत आहे, प्रदक्षिणा घालते आहे, येईल. आणि जमलं तर तिच्या त्या करड्या पट्ट्यांच्या चपला माझ्या शेजारी आणून ठेव. माळ्यावर पिशवीत आहेत. मी टाकलेल्या नाहीत.

अजून तरी सगळं ओळखणारा, तुझाच,
बाबा